पेटी, सिंथेसायझर आणि हुकलेला अंतरा



"तू आयटीतली, त्यातलं काहीतरी सांग," असा आयोजकांचा निरोप होता. आयटी तुम्ही सगळे रोजच सोसता, म्हणून मी सिंथेसायझरबद्दल बोलणार आहे. विषय वाकडा वाटेल, पण नववीच्या स्नेहसंमेलनाची एक बाकी त्यात अडकली आहे.

त्या वर्षी आम्ही संगीताच्या सरांना सांगितलं होतं, "सर, यंदा पेटी नको, कीबोर्ड आणतोय." कीबोर्ड माझ्या मामाचा. गाण्याची सगळी साथ मी दोन दिवस बसून त्याच्या मेमरीत भरली. कार्यक्रमात फक्त बटण दाबायचं होतं. आपली मैत्रीण दुसऱ्या अंतऱ्याआधी अडखळली, एक ओळ राहिली आणि कीबोर्ड आपला पुढे निघून गेला. ती थांबली, मी थांबले, कीबोर्ड थांबेना. सर पहिल्या रांगेत होते. त्यांची बोटं मांडीवर चालली होती, ते मला वरून दिसत होतं.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर सिंथेसायझरचं वेड लागलं, तेव्हा कळलं की या वाद्याचा मंचावरचा सगळा इतिहास याच भांडणाचा आहे.

1970 साली मिनीमूग आला. त्यात तार नाही, रीड नाही, नुसतं सर्किट. पट्टी दाबली की ठरावीक व्होल्टेज जातं आणि त्यावरून स्वर ठरतो. एक व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर. म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांत, सा आणि कोमल रे यांच्यात, सुमारे 83 मिलिव्होल्टचा फरक. हे गणित करणारे ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवे. मंचावर दिवे लागले, सर्किट तापलं, की स्वर सरकायचा. मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर, म्हणजे स्वर काढणारे तीन भाग, आणि तिघे आपापल्या मर्जीने सरकणार. वर मेमरी नाही. आधीच्या गाण्यातला आवाज बदलून पुढचा हवा, तर अंधारात एकेक बटण हाताने फिरवायचं.

जर्मनीच्या टँजरिन ड्रीमने तर यावरच संसार मांडला. त्यांच्याकडे मूगचा मोठा संच आणि त्याला सिक्वेन्सर होता. सिक्वेन्सर म्हणजे बटणांची रांग, प्रत्येक बटणावर एक स्वर लावून ठेवायचा आणि यंत्र ते स्वर आवर्तनासारखे फिरवत राहतं. 1974 मध्ये आलेल्या त्यांच्या 'फेड्रा'च्या ध्वनिमुद्रणात यंत्र तापून स्वर सरकला, आणि ते सरकणं त्यांनी तसंच ठेवलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी फ्रान्समधल्या रँसच्या कॅथीड्रलमध्ये कार्यक्रम केला. त्या काळातले त्यांचे कार्यक्रम बरेचसे तिथल्या तिथे सुचलेले असत. आवर्तन फिरतं आहे तोवर बसलेला माणूस ऐकतो, एक बटण किंचित फिरवतो, पुन्हा ऐकतो. पुढे कधी जायचं ते तोच ठरवतो.

मग 1978 मध्ये डेव्ह स्मिथ यांचा प्रॉफेट-5 आला. त्यात झेड-80 मायक्रोप्रोसेसर (आपल्यापैकी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हा कॉलेजात पाहिला असेल) आणि 40 आवाज साठवायची सोय होती. यंत्र स्वतःचा स्वर स्वतः लावून घ्यायचं. 1983 पासून 'मिडी' आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलने बोलू लागली. मिडीत एका मात्रेला 24 ठोके जातात आणि सगळी यंत्रं त्या ठोक्यावर चालतात. इंजिनिअर म्हणून मला हे फार देखणं वाटतं. पण माझ्या नववीच्या चुकीचं मूळही इथेच आहे. यंत्राला ठोका कळतो, गाणारीचा श्वास कळत नाही.

न थांबणारं यंत्र वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईच्या चरणजित सिंगांनी 1982 मध्ये रोलंडच्या यंत्रांचा तसाच अढळ ठेका खाली ठेवला आणि वर ज्युपिटर-8 वर भैरव, यमन, मालकंस वाजवले. पट्टीच्या वाद्यावर मींड कशी येणार? एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेण्याची सोय त्या यंत्रात होती, ती त्यांनी मींडेसाठी वापरली. तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. 2010 मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि सत्तरीच्या घरात त्यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली.

आता गंमत ऐका. 2020 मध्ये प्रॉफेट-5 नव्याने बाजारात आला. त्यावर 'व्हिंटेज' नावाचं एक बटण आहे. 4 वर ठेवलं तर वाद्य स्थिर, 1 कडे न्यावं तसे त्याचे पाचही आवाज एकमेकांपासून थोडे थोडे सरकत जातात. ज्या दोषापायी जुने वादक घामाघूम व्हायचे, तो आता प्रोग्राम लिहून परत घातला आहे! मी नोकरीत वीस वर्षं नेमकं उलटं करत आले. दर वेळी तेच उत्तर आलं पाहिजे, नाही तर माझ्या नावावर बग. पण सर, तुमच्या पेटीत रीडच्या दोन ओळी होत्या आणि त्या शंभर टक्के जुळलेल्या नव्हत्या. म्हणून तर ती भरलेली वाजायची. तुम्ही ते एकदा सांगितलंही होतं. आम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो.

आजचे वादक लॅपटॉप घेऊन बसतात. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि नुसतं बटण दाबून हात हवेत हलवणारेही आहेत, ते मी पाहिलेत. पण जाणते लोक अख्खं गाणं भरत नाहीत. छोटे तुकडे ठेवतात, आणि पुढचा तुकडा मागेपर्यंत चालू तुकडा फिरत राहतो. समोरचा अडखळला तर आणखी एक आवर्तन. सर हेच करायचे. कुणी चुकलं की पेटीवर मुखडा पुन्हा घ्यायचे, आणि पालकांना वाटायचं, गाणंच असं आहे.

त्या दिवशी सर काही बोलले नाहीत. माझ्याकडूनही माफी मागायची राहिली. ती आज मागते.

संध्याकाळी आपली मैत्रीण तेच गाणं म्हणणार आहे. पेटीवर सर आहेत. मी कीबोर्ड आणलाय, मेमरीत काहीही भरलेलं नाही. सर, पट्टी काळी चारच ना?