कुदळ आणि प्रबंध



पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांविषयी बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपल्याला वाटले असेल. आमचे शिक्षण सातवीत थांबले; पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात. पण उत्खनन म्हणजे आधी मजुरी आणि मग विद्या, एवढे आम्हाला ठाऊक आहे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ पर्यंत खोदकाम केले. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली निघाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुले तेथे सापडली. अशा जागी कुदळ कोठे थांबवावी हे ज्या हाताला कळते, तो हात प्रबंधात क्वचितच दिसतो.

आणि प्रबंध लिहिणारा तरी कोठे मालक असतो? ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्रीय विद्यापीठांतली, नेट परीक्षेविना मिळणारी आठ हजारांची वृत्ती बंद करण्याचे ठरले, तेव्हा दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर बसले. नेटवाल्यांची वृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये झाली. आकडा बरा आहे. पण तो महिन्याच्या महिन्याला हातात पडतो का, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न.

काही वर्षांपूर्वी एका उत्खननावर आम्ही गेलो ते रोजासाठी. पावसाने काम थांबले, त्या दिवसांचे खाडे धरले होते. तंटा मिटला, आणि रात्रीच्या चर्चेला आम्हाला तंबूत बसू दिले. आपल्या खड्ड्यात काय निघाले ते प्रत्येक विद्यार्थ्याने सांगायचे, इतरांनी त्याला प्रश्नांनी भंडावायचे, रीत उत्तम. एका मुलीने जळक्या धान्याचे पेव मांडले. तिचे तिसरे वर्ष, आणि एक प्रकरण त्या दाण्यांवर उभे राहायचे होते. सरांनी मान डोलावली. मग सगळ्यांच्याच माना डोलल्या.

तंबूबाहेर बसलेला म्हातारा गडी आम्हाला हळूच म्हणाला, "भाऊ, ते पेव नाय, घुशीचं बीळ हाय. माती पोकळ लागली कुदळीला."

"मग आत येऊन सांगा की."

"सायबांना मी कसं सांगू?"

हे उत्तर आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत ऐकत आलो आहोत. आम्ही त्या मुलीलाच बाहेर बोलावले. घूस वरच्या थरातले दाणे खालच्या थरात नेते, आणि मग कोळशाचे वय काढले तर हिशेब काही शतकांनी चुकतो, हे तिनेच आम्हाला समजावले. समजावताना तिचा आवाज बसला होता.

सकाळी ती म्हाताऱ्याला घेऊन खड्ड्यात उतरली. "मामा, कुठं पोकळ लागलं?" त्याने दाखवले तेथे उभा छेद घेतला. बीळ तिरपे वर, नव्या थरापर्यंत गेलेले स्पष्ट दिसले. रात्री चर्चेत तिने ते स्वतः सांगितले, मामांचे नाव घेऊन. सर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "उद्यापासून मामांनाही आत बसवा." त्यांच्याविषयीचे आमचे मत तेथे थोडे बदलले. प्रकरण मात्र गेले, आणि वर्षही.

पुढे तिचा प्रबंध छापून आला. ऋणनिर्देशात मामांचे नाव होते. आम्ही तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. नातीने नाव दोनदा वाचून दाखवले. मामांनी विचारले, तिला पगार किती होता. वृत्ती होती, पण पाच-पाच महिने अडकत असे, असे आम्ही सांगितले.

"म्हंजे," मामा म्हणाले, "तिचेबी खाडे धरत व्हते व्हय?"