न तुटणारी शेपटी



या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण सगळे सिम्युलेटरवर वैमानिक घडवणारी माणसं. त्या यंत्राबद्दल मला जितकी कृतज्ञता वाटते तितकीच काळजीही वाटते. आज दोन्ही तुमच्यापुढे मांडतो.

8 मार्च 1994. दिल्ली विमानतळावर सहारा इंडियाचं बोइंग 737 शिकाऊ वैमानिकांना घेऊन सरावाच्या फेऱ्या मारत होतं. एक इंजिन निकामी झालं तर काय करायचं, याचा सराव चालला होता. अशा वेळी उरलेलं इंजिन विमानाचं नाक एका बाजूला वळवतं आणि ते सरळ राखायला योग्य पायानं रडर दाबावं लागतं. शिकाऊ वैमानिकानं उलट्या पायानं दाबलं. विमान कोसळलं, तळावर उभं असलेलं एरोफ्लोतचं विमानही त्यात सापडलं आणि 9 जणांचे जीव गेले. हीच चूक सिम्युलेटरमध्ये झाली असती तर इन्स्ट्रक्टरनं बटण दाबून सगळं जागच्या जागी थांबवलं असतं, चूक समजावली असती आणि पुन्हा टेक-ऑफ करायला लावलं असतं. या एकाच कारणासाठी सिम्युलेटरचं ऋण आपल्यावर आहे.

एडविन लिंक या अमेरिकन तरुणानं 1929 मध्ये पहिला लिंक ट्रेनर बनवला. घरचा व्यवसाय ऑर्गन बनवण्याचा. त्यामुळे त्याचं ते लुटुपुटूचं विमान हललं-झुललं ते आपल्या पेटीला असतात तशा भात्यांवर. आज लेव्हल डीचा, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा, सिम्युलेटर सहा पायांवर उभा असतो आणि आपल्या शरीराला फार हुशारीनं फसवतो. टेक-ऑफला वैमानिकाची पाठ सीटला टेकते ती वेगामुळे नव्हे. समोरच्या पडद्यावर धावपट्टी मागे पळत असते आणि अख्खी केबिन नकळत मागे कललेली असते. पाठीवर दाब येतो तो आपल्याच वजनाचा. कलणं आणि वेग वाढणं यांतला फरक आतल्या कानाला कळत नाही, आणि नेमका याचाच फायदा यंत्र घेतं. पण 60 अंशांच्या वळणात उंची राखताना खऱ्या विमानात शरीर दुप्पट जड होतं आणि वळण संपेपर्यंत तसंच राहतं. ते या सहा पायांना जमत नाही.

तरीही मला खरी काळजी शरीराच्या फसवणुकीची नाही. अनुभवी वैमानिकाला नव्या प्रकारच्या विमानाचं शिक्षण आता अनेक ठिकाणी संपूर्ण सिम्युलेटरवर देता येतं. त्या विमानात तो पहिल्यांदा बसतो तेव्हा मागे प्रवासी बसलेले असू शकतात. म्हणजे आपण जे खोटं शिकवू, तेही त्याच्याबरोबर वर जाणार.

आणि ते गेलेलं आहे. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कहून उडालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं एअरबस ए-300 पुढच्या जंबोनं मागे सोडलेल्या भोवऱ्यांत सापडलं. सहवैमानिकानं रडर आलटून पालटून दोन्ही बाजूंना जोरात दाबलं. शेपटीचा उभा पंख तुटून पडला. विमानातले 260 आणि जमिनीवरचे 5 लोक गेले. तपासात रडरच्या रचनेबरोबर कंपनीच्या प्रशिक्षणावरही बोट ठेवलं गेलं. तिथल्या सिम्युलेटरच्या एका सरावात भोवऱ्यांमुळे विमान भलतंच कलंडत असे, आणि ते पुरेसं कलंडेपर्यंत नियंत्रणांचा परिणामच होऊ नये अशी तजवीज असे. एवढं अवजड विमान भोवऱ्यांनी तसं कलंडत नाही. पण धडा मात्र मनात मुरला होता. दिल्लीला ज्या पेडलवर चूक झाली, ती चूक सुरक्षित जागी व्हावी म्हणून आपण सिम्युलेटर आणला. आणि त्याच पेडलची चुकीची सवय लागायला सिम्युलेटरचाही हातभार लागला. सिम्युलेटरमध्ये कितीही रडर मारा, शेपटी तुटत नाही.

दुसरी उणीव वेळेची. 15 जानेवारी 2009 रोजी पक्षी धडकल्यामुळे हडसन नदीत उतरलेल्या विमानाचा प्रसंग तपासयंत्रणेनं सिम्युलेटरवर पुन्हा घडवून पाहिला. पक्षी धडकताक्षणी वळलेले काही वैमानिक ला गार्डिया विमानतळाच्या धावपट्टीवर पोचलेही. मग काय झालंय हे ओळखून निर्णय घ्यायला लागणारे 35 सेकंद जमेस धरले, तेव्हा विमान धावपट्टी गाठू शकलं नाही. सिम्युलेटरमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की आज काहीतरी बिघडणार आहे. प्रवाशांना घेऊन निघालेल्या वैमानिकाला ते ठाऊक नसतं.

यंत्रं सुधारताहेत, हे मी नाकारत नाही. 2009 च्या कोलगन एअरच्या अपघातानंतर पूर्ण स्टॉलचं, म्हणजे पंखांची उचल हरपण्याच्या अवस्थेचं, शिक्षण अमेरिकेनं सक्तीचं केलं आणि त्यासाठी सिम्युलेटरमधली गणितं सुधारावी लागली. पण यंत्र सुधारेपर्यंत आपण गप्प बसायचं का? माझं सांगणं स्पष्ट आहे: प्रत्येक सेशनच्या ब्रीफिंगमध्ये, आजच्या सरावातलं काय खऱ्या विमानासारखं नाही हे इन्स्ट्रक्टरनं तोंडानं सांगितलंच पाहिजे. "इथं रडर इतकं सहज चाललं, वर असं करू नका," एवढं एक वाक्यसुद्धा पुरतं. बिघाडांची यादी शिकणाऱ्याला आधीच पाठ असू नये. एखादं सेशन काहीही न बिघडता संपलं तरी चालेल, म्हणजे पुढच्या वेळी तो दचकेल. आणि खऱ्या विमानाची सवय खऱ्या विमानातच लागते, म्हणून विमान कंपन्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी ऑटोपायलट काढून हातानं विमान उतरवायची मुभा वैमानिकांना द्या.

दुपारच्या सत्रात धड्यांच्या नव्या नमुन्यावर चर्चा आहे. त्यात प्रत्येक सरावापुढे "खऱ्या विमानात वेगळं काय" हा रकाना असावा, असा ठराव मी अध्यक्ष म्हणून आत्ताच मांडतो. तो रकाना रिकामा ठेवायची सोय कुणालाही नसावी.