कुत्र्याचं नाक आणि आपली तपासणी
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीत झालेलं भाषण)



आपल्या सर्वसाधारण सभेत कुत्र्यांचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. आज दोन्ही पक्षांनी ऐकावं असं थोडं सांगतो.

१९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दोन डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. एका बाईंच्या मांडीवर तीळ होता. त्यांचा कुत्रा तो तीळ सारखा हुंगायचा, अगदी पँटवरूनसुद्धा. एकदा तर तो चावून काढायला गेला! बाई डॉक्टरकडे गेल्या. तो त्वचेचा कर्करोग निघाला, आणि वेळेत काढता आला.

यात चमत्कार काही नाही. कर्करोगाच्या पेशींचा कारभार बिघडलेला असतो. त्यातून काही वेगळी रसायनं तयार होतात आणि ती श्वासात, लघवीत उतरतात. आपल्याला त्यांचा वास येत नाही, कुत्र्याच्या नाकाला येतो.

मग रीतसर प्रयोग सुरू झाले. २००४ साली इंग्लंडमध्ये सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा वास शिकवला. सात नमुने मांडायचे, त्यातला एकच रुग्णाचा. बरोबर नमुन्यापाशी कुत्र्याने आडवं व्हायचं, की खाऊ मिळणार! नुसत्या अंदाजाने सातात एकदा जमलं असतं. कुत्र्यांनी ५४ पैकी २२ वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे ४१ टक्के. गंमत म्हणजे, शिकवताना एका ‘निरोगी’ माणसाच्या नमुन्यापाशी कुत्रे पुन्हा पुन्हा थांबू लागले. त्याची तपासणी केली तर मूत्रपिंडात गाठ सापडली.

पुढे पद्धत सुधारली. रुग्णाचा नमुना कुठला, हे शिकवणाऱ्यालाही सांगत नाहीत. कारण कुत्रा मालकाचा चेहरा बरोबर वाचतो. २०२४ साली इस्रायलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १,४०० लोकांनी मास्कमध्ये सोडलेला श्वास कुत्र्यांना हुंगायला दिला आणि त्यांच्या हालचाली संगणकाने टिपल्या. रुग्ण ओळखण्यात आणि निरोगी माणूस ओळखण्यातही सुमारे ९४ टक्के अचूकता आली.

९४ टक्के म्हणजे झालंच की, असं वाटेल. पण जरा हिशेब मांडू. समजा हजार माणसं तपासली आणि त्यांत १० जणांना कर्करोग आहे. नऊ सापडतील, एखादा निसटेल. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी साठेक जणांवर मात्र उगाच संशय येईल. म्हणजे संशयितांच्या रांगेत आजारी नऊ आणि धडधाकट साठ! म्हणून कुत्रा बसला म्हणजे रोग ठरला असं नाही, आणि नाही बसला म्हणजे सुटलो असंही नाही. चाळणी वेगळी, निदान वेगळं. निदान शेवटी स्कॅन आणि बायोप्सीच करणार.

हाच नियम प्रत्येक चाळणी-तपासणीला लागू आहे. पुन्हा बोलावलं की हातपाय गाळून बसू नका, आणि जायचंही टाळू नका.

आता प्रश्न असा, की कुत्र्यांची वाट बघत बसायचं का? टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक अभ्यास केला. ज्या गटाची तपासणी झाली, तिथे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून साध्या डोळ्यांनी गर्भाशयाचं मुख पाहिलं. त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ना महागडं यंत्र, ना कुत्रा. फक्त शिकवलेली नजर, आणि तपासणीला आलेल्या बायका.

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी तिशीनंतर करून घ्यावी, असं सरकारी कार्यक्रमातच आहे. तंबाखू खाणाऱ्यांनी तर आरशासमोर आ करून गाल आणि जीभ अधूनमधून पाहावी. न भरणारा चट्टा दिसला तर डॉक्टर गाठावा. ‘काही निघालं तर?’ ही भीती मला कळते. पण लवकर निघालं, तर ते पुष्कळदा बरं होतं.

तेव्हा घरी जाऊन एक करा. घरात तिशीच्या पुढचं कोण कोण आहे, आणि कुणाची तपासणी राहिली आहे, एवढं जेवताना एकमेकांना विचारा.