गिटारचा निर्मळ स्वर आणि त्याची सोबत



घरीं आरती चालली असतां पांचसहा माणसें एकाच सुरांत गातात. परंतु तो सूर तंतोतंत एक कधींच नसतो. एकाचा किंचित् चढा, दुसऱ्याचा किंचित् उतरलेला, तर तिसरा क्षणभर मागें. या बारीक फरकांमुळेंच त्या गायनाला भरीवपणा येतो. विद्युत्-गिटारवर हाच भरीवपणा आणणाऱ्या योजनेस ‘कोरस’ म्हणतात. जॅझ फ्यूजनच्या वादकांनीं तिचा जो उपयोग केला, त्याविषयीं आज सांगावयाचें आहे.

त्यांना तिची गरज कां पडली? ड्रम, बास आणि कीबोर्ड यांच्या गर्दींत गिटारला उभें राहावें लागतें. रॉकमधील वादक स्वर मुद्दाम फाटका करून आपली जागा मिळवितो. दोन स्वरांना तें शोभतें. परंतु जॅझमधील पांचसहा स्वरांचा गुच्छ त्यांत गढूळ होतो, कारण फाटलेपणामुळें मुळांत नसलेले स्वर त्यांत मिसळतात. स्वर निर्मळ ठेवून त्याला रुंदी कशी द्यावी, हा खरा प्रश्न होता.

१९७५ सालीं जपानच्या रोलंड कंपनीनें ‘जॅझ कोरस १२०’ हा ध्वनिवर्धक काढला. त्यांत साठ-साठ वॅटचे दोन वर्धक व बारा इंची दोन कर्णे असत. एका कर्ण्यांतून मूळ स्वर जसाच्या तसा येई. दुसऱ्यांतून तोच स्वर सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांनीं उशीरां येई, आणि हा उशीर संथपणें कमीजास्त होत राही. उशीर घटतांना स्वर चढतो, वाढतांना उतरतो. दोहोंचें मिश्रण यंत्रांत न होतां हवेंत होई. पॅट मेथिनी यांनीं असाच विस्तार लेक्सिकॉनच्या विलंबयंत्रानें व एकाहून अधिक ध्वनिवर्धकांनीं साधला. माइक स्टर्न यांनीं यामाहाच्या ‘एसपीएक्स ९०’ नें. मार्ग भिन्न, पण तत्त्व एकच: स्वराला किंचित् निराळ्या स्वराची सोबत.

हा ध्वनि साधूं इच्छिणाऱ्यानें आरंभ कोरस बंद ठेवूनच करावा. गिटारच्या मानेजवळचा पिकअप घ्यावा, टोनची कळ थोडी उतरवावी, आणि जोरानें छेडलें तरी आवाज फाटणार नाहीं इतकी सवड ध्वनिवर्धकांत राखावी. कोरा स्वर कानाला गोड लागला, म्हणजे मग कोरस जोडावा; ‘रेट’ मंद, ‘डेप्थ’ बेताची.

नंतर एक लांब स्वर धरून पाहावा. तो स्पष्टपणें डोलूं लागला, तर मात्रा अधिक झाली असें समजावें. जॅझमध्यें अर्ध्या स्वरानेंहि अर्थ पालटतो. वाजला तो स्वर कोणता, असा संशय श्रोत्यास पडला कीं वादकाचें म्हणणेंच हरवलें. दोन्ही बाजू एकत्र करून एकाच कर्ण्यांतूनहि ऐकावें. दोन लहरी एकमेकींस खोडूं लागल्या तर आवाज पोकळ होतो, आणि तेव्हां सोबतीचा स्वर कमी करणेंच इष्ट. मात्रा नेमकी साधली, म्हणजे कोरस वेगळा असा ऐकूं येत नाहीं. तो बंद केल्यावर मात्र स्वर एकाकी वाटूं लागतो.