मास्क उतरला, पण तपासायचे कोणी?

(कामगार प्रतिनिधींच्या अभ्यासवर्गातील भाषण)



साथीच्या काळातले कामगारांचे अनुभव हा आजचा विषय. विषय अफाट आहे. त्यातली एकच घटना आम्ही घेतली आहे आणि ती अमेरिकेतली आहे. पण तिचा धागा दादर-ठाण्यापर्यंत येतो.

१३ मे २०२१ रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जाहीर केले की ज्यांचे लसीकरण पूर्ण होऊन दोन आठवडे झाले आहेत, त्यांना बहुतेक ठिकाणी, अगदी बंद जागेतसुद्धा, मास्क लावण्याची गरज नाही. दवाखाने, विमाने, रेल्वे, बस, तुरुंग ही ठिकाणे वगळली होती. त्याच दिवशी अध्यक्ष बायडेन व्हाइट हाउसच्या बागेत मास्कशिवाय पत्रकारांसमोर आले. तेव्हा तिथल्या जेमतेम एकतृतीयांशाहून थोड्या अधिक लोकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. बारा वर्षांखालच्या मुलांना तर लस नव्हतीच.

लोकांनी काय केले? कोणी सुटकेचा श्वास टाकून त्याच संध्याकाळी मास्क फेकून दिला. कोणी दोन्ही डोस घेऊनही तो काढेनात, कारण समोरच्या माणसाने लस घेतली आहे की नाही हे कसे ओळखायचे? काहींना तर वेगळीच काळजी लागली. उघड्या तोंडाने फिरलो तर लोक आपल्याला लसविरोधी समजतील! मास्क हे तिथे आरोग्याचे साधन कमी आणि राजकीय पक्षाचे निशाण जास्त झाले होते. टेक्सासने तर मार्चमध्येच सक्ती उठवली होती.

हे सगळे गिऱ्हाइकाच्या बाजूने झाले. आता काउंटरच्या पलीकडे या. दुसऱ्याच दिवशी वॉलमार्ट आणि कॉस्टको या बड्या दुकानांनी लसवंत गिऱ्हाइकांना मास्कची सूट दिली. पुरावा मागायचा नव्हता. गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता. किराणा आणि मांसप्रक्रिया उद्योगातल्या तेरा लाख कामगारांच्या यूएफसीडब्ल्यू या युनियनने लगेच हरकत घेतली. तिचे अध्यक्ष मार्क पेरोन यांनी विचारले, आमच्या माणसांना आजवर मास्कचे पोलीस व्हावे लागले, आता त्यांनी लसीचेही पोलीस व्हायचे काय? हा प्रश्न पोकळ नव्हता. मे २०२० मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात मास्क लावायला सांगितले म्हणून एका दुकानाच्या सुरक्षारक्षकाला गोळी घालून ठार करण्यात आले होते. परिचारिकांची सर्वांत मोठी संघटना, नॅशनल नर्सेस युनायटेड, हिने तर हा निर्णय मागेच घ्या अशी मागणी केली.

इथे एक भेद नीट समजून घ्या. आपल्या कारखान्यात हेल्मेटचा नियम जागेला असतो. या रेषेच्या आत जो येईल, मग तो मॅनेजर असो की हेल्पर, त्याच्या डोक्यावर हेल्मेट हवे. असा नियम डोळ्यांनी दिसतो, म्हणून तो पाळला जातो. सीडीसीने जागेचा नियम काढून माणसाचा नियम आणला. लस दंडात असते, कपाळावर लिहिलेली नसते. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय मूर्खपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. लसीने संरक्षण मिळत होतेच. पण नियम राबवायचा कोणी हे ठरवलेच नाही, आणि जे कोणी ठरवत नाही ते शेवटी सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या गळ्यात पडते.

जूनमध्ये तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने, ओशाने, साथीसाठी तातडीचे बंधनकारक नियम काढले, पण फक्त आरोग्यसेवेपुरते. दुकाने आणि कत्तलखाने वाऱ्यावर. पुढे डेल्टा आला. मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन गावी जमलेल्या गर्दीतून ४६९ जणांना लागण झाल्याचे आढळले, त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांशांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. पण पाचच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, मृत्यू एकही नाही. म्हणजे लस माणसाला वाचवत होती, फैलाव मात्र पुरता थांबवत नव्हती. २७ जुलैला सीडीसीने जास्त फैलाव असलेल्या भागांत लसवंतांनाही बंद जागेत पुन्हा मास्क लावायला सांगितले. उतरलेला मास्क पुन्हा चढवायला सांगण्याचे कामही काउंटरवरच्या मुलीकडेच आले.

आता आपल्याकडे. त्याच १३ मे २०२१ ला केंद्र सरकारने कोव्हिशील्डच्या दोन डोसांतले अंतर १२ ते १६ आठवडे केले. लशीच्या टंचाईमुळे महाराष्ट्रात त्याच महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण काही काळ थांबवावे लागले होते. आणि १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांना खुली झाली. गणित मांडा. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ज्या तरुण कामगाराला कोव्हिशील्डचा पहिला डोस मिळाला, तो त्या दिवशी पात्र ठरूच शकत नव्हता. चूक त्याची नव्हती, लसच नव्हती. अत्यावश्यक सेवेत नसलेला कल्याण-विरारचा कामगार रस्त्याने जादा पैसे मोजून कामावर जात राहिला. मास्क नसेल तर दोनशे रुपये दंड वसूल करायला मुंबई महापालिकेने उभे केलेले मार्शल होते कंत्राटी. लोकांच्या शिव्या खायला पुन्हा कंत्राटी माणूसच!

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली. ती सरसकट उठली, त्यामुळे दारावर कोणाला कागद तपासत बसावे लागले नाही. महिन्याभरात, २ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, आणि त्या वेळची स्थिती पाहता लस न घेतलेल्यांवरची बंधने प्रमाणात बसत नाहीत.

दुपारच्या सत्रात मागणीपत्रकाचा मसुदा चर्चेला येईल. त्यात साथीच्या काळासाठी चार ओळी घालाव्यात अशी आमची सूचना आहे. लसीच्या दिवशी आणि नंतर ताप आल्यास भरपगारी रजा. नियम शिथिल झाला तरी ज्याला मास्क लावायचा आहे त्याला मज्जाव नको, आणि मास्क व्यवस्थापनाने पुरवावा. गिऱ्हाइकाची किंवा प्रवाशाची तपासणी हे काम ज्याच्यावर टाकाल, त्याच्या सेवाशर्तींत ते लिहा, त्याचा भत्ता द्या. आणि त्या कामात मारहाण झाली तर ती कामावरची दुखापत धरा, मग तो कामगार कायम असो वा कंत्राटी. चौथ्या मुद्द्यावर व्यवस्थापन अडणार. त्यावर आधी बोलू.