हलके ओझे

थोड्या पैशांत दूर कसे जावे, हे शिकायला परभणीकरांना परगावी जावयास नको. शेगावच्या गजानन महाराजांची पायी पालखी 1968 पासून परभणी, गंगाखेड करीत पंढरपुरास जाते. वाट महिनाभराची. वारकऱ्याजवळ असते काय? गळ्यात टाळ, खांद्यावर पताका, पडशीत धोतर-सदरा. एवढ्यावर भागते, कारण स्वयंपाक सर्वांचा एकत्र होतो आणि वाटेवरची गावे भाकरी घालतात. प्रत्येकाने आपली चूल व शिधा स्वतः वाहिला असता, तर गंगाखेडची गोदावरी गाठणेही जड गेले असते. कामगारांत आयुष्य घालवून मी हेच जाणले आहे: सामान टाकून ओझे थोडे उतरते, वाटून घेतल्याने पुष्कळ. मजुराला प्रवास परवडत नाही असे म्हणू नका. चौघांत एक पातेले घ्या आणि निघा.