आयुष्याच्या मध्यान्हीं
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांचे उपकार स्मरणें उचितच आहे. परंतु आज ज्यांच्या खांद्यांवर घर आणि धर्मग्राम उभे आहेत, त्या चाळिशी ते साठीच्या मंडळींविषयीं दोन शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या वयाची अडचण अशी कीं, मागली आणि पुढली अशा दोन्ही पिढ्या एकाच वेळीं हात पुढें करितात. मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि आईबापांचीं औषधें एकाच मिळकतींतून निघतात. वसईचा चाकरमान्या पहांटे घर सोडतो, गाडीच्या गर्दींत उभा राहून सुमारें ५२ किलोमीटरांवरील चर्चगेट गांठतो, आणि दिवेलागण होऊन गेल्यावर परततो. वाडींतील केळींकडे पाहावयास त्यास रविवारच उरतो. त्याची गृहिणी, मग ती नोकरी करणारी असो वा नसो, सर्वांच्या आधीं उठते आणि सर्वांच्या मागून जेवते.

या ओढाताणींत सुटतें काय? मुलांची फी सुटत नाहीं, सोयऱ्यांचें लग्न सुटत नाहीं. सुटतें तें सकाळचें चालणें, रात्रीची झोंप, आणि तरुणपणीं गायनवृंदांत वाजविलेलें व्हायोलिन. हीं सोडावयास कोणाची परवानगी लागत नाहीं, म्हणून तीं आधीं जातात. आणि आपण सारे त्यास त्याग म्हणून गौरवितों.

हा खरोखर त्याग आहे काय, याचा विचार झाला पाहिजे. रक्तदाब बहुधा कांहींएक लक्षण न दाखवितां वाढतो. मधुमेहहि पुष्कळदां वर्षानुवर्षें मुकाट राहतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांचीं हाडें झपाट्यानें विरळ होऊं लागतात. तपासणी ‘पुढल्या महिन्यांत’ म्हणून लांबत जाते, आणि एके दिवशीं अर्धांगवायूचा झटका येतो. मग ज्या घरासाठीं मनुष्य स्वतःस विसरला, त्याच घरास त्याच्या उशाशीं बसावें लागतें. तात्पर्य, आपलें शरीर आपल्या एकट्याचें नव्हे. ती घराची ठेव आहे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथांत पांचव्या आज्ञेच्या विवरणांतच आरोग्याची वाजवी काळजी घेण्याचें कर्तव्य सांगितलें आहे. आणि शरीराचेंच दैवत करूं नये, असाहि इशारा तेथें दिला आहे.

मग करावें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितल्याप्रमाणें प्रौढ मनुष्यानें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, व दोन दिवस स्नायूंस बळ देणारे श्रम करावे. म्हणजे पांच दिवस अर्धा अर्धा तास चालावें, आणि दोन दिवस कुदळ हातीं धरावी किंवा तशाच जोराचें काम करावें. मागणें मोठें नाहीं. परंतु तो अर्धा तास यावयाचा कोठून?

‘वेळ काढा’ असा उपदेश करणें सोपें आहे. आमच्या मतें या वयाच्या माणसास वेळ काढतां येत नाहीं. तो घरच्यांनीं द्यावा लागतो. आईनें चालावयास जावें, तर तेवढा वेळ चुलीपाशीं दुसरें कोणी उभें राहिलें पाहिजे. बापानें व्हायोलिन हातीं घ्यावें, तर आजोबांस डॉक्टरकडे नेण्याचें काम मुलानें उचललें पाहिजे. म्हणून रविवारीं जेवणानंतर घरांतील सर्वांनीं पाव तास एकत्र बसावें, आठवड्याचीं कामें वांटून घ्यावीं, आणि घरांतील प्रत्येकास स्वतःचा असा एक तास नेमून द्यावा. जो तास सर्वांनीं मिळून दिला, तो सहसा कोणी मोडीत नाहीं.

सर्व गोष्टींस नित्य सारखाच वांटा मिळेल, हें मात्र संभवत नाहीं. परीक्षेच्या किंवा दुखण्याच्या दिवसांत छंद मागें पडेल. तो खुशाल पडूं द्यावा. परंतु त्यास परत केव्हां बोलवावयाचें, तें त्याच वेळीं ठरवून ठेवावें.

‘आतां कशाचा छंद, वय झालें!’ असें कांहीं जण म्हणतील. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें क्रिस्तपुराण छापून निघालें १६१६ सालीं. मधलीं सदतीस वर्षें त्यांच्यामागें मिशनचीं कामें होतींच. १८६८ सालीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांस अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांच्या स्मृतिचित्रांचा पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हां त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. मनांतील काम संसाराच्या गर्दींत मंद चाललें, तरी चालूं शकतें. तें अगदींच थांबूं देऊं नये.

शेवटीं येथें बसलेल्या तरुण मुलामुलींस आमची एक विनंति आहे. या महोत्सवानिमित्त आईबापांस वस्त्र किंवा मिठाई देण्याचें तुमच्या मनांत असेल, तर तें अवश्य द्या. परंतु त्यासोबत त्यांचें एक काम कायमचें आपल्या अंगावर घ्या. तेवढ्यानें त्यांस रोजचा अर्धा तास लाभेल, आणि त्यांचा सहवास तुम्हांस कदाचित् कांहीं वर्षें अधिक लाभेल.